नाव विचारलं जातं तेव्हा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

‘बौद्ध भिक्खूंना त्यांचं नाव कसं मिळतं’ हा आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काहीजणींनी विचारलं, की स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या शिबिरात हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. बाईचं नाव बदलण्याचा एकच मोठा विधी आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे लग्न. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढे वाटायचे. ज्या बाईचं नाव बदललं ती त्या वेळी काही बोलत नाही. बोलणार तरी काय? तिला कुणी काही विचारलेलंच नसतं.

नाव बदलण्याचे दुसरेही विधी जगात आहेत. बौद्ध संघात प्रवेश करताना माणसाला भर सभेत विचारतात, ‘तुझं नाव काय?’ आणि ज्याचं नाव त्यानेच उत्तर द्यायचं असतं. हा विधी कसा चालतो, तो बाईपर्यंत पोचता पोचता त्याचं काय होतं, आणि नाव मिळाल्यावरही ते कागदावर यायला बाईला किती झगडावं लागतं, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे. पूजा किंवा टीका, यांपैकी एकच करायची घाई आपण करू नये.

आधी विधी समजून घेऊ

संघात यायच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पब्बज्जा, म्हणजे घर सोडणं. ज्याला यायचं आहे त्याने स्वतः तीनदा मागणी करायची. डोकं भादरतात, चीवर देतात, त्रिशरण आणि दहा शीलं देतात. तो झाला सामणेर. बाई असेल तर सामणेरी. दुसरी पायरी उपसंपदा. त्यासाठी वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत आणि संघ जमलेला हवा. विनयपिटकाप्रमाणे मध्यदेशात किमान दहा भिक्खू, दूरच्या प्रदेशात पाच चालतात.

संघापुढे उमेदवाराला प्रश्न विचारतात. तुला कुष्ठ आहे का, क्षय आहे का, फेफरं येतं का? तू माणूस आहेस ना? पुरुष आहेस ना? दास नाहीस ना? तुझ्यावर कर्ज नाही ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? वीस वर्षं झाली ना? पात्र-चीवर आहे ना? आणि शेवटी : तुझं नाव काय, आणि तुझ्या उपाध्यायाचं नाव काय?

‘तू माणूस आहेस ना’ हा प्रश्न ऐकून हसू येईल. त्यामागे एक गोष्ट आहे. एका नागाने माणसाचं रूप घेऊन उपसंपदा घेतली. झोपेत त्याचं खरं रूप उघडं पडलं आणि त्याला संघ सोडावा लागला. थायलंडमध्ये आजही दीक्षेच्या उमेदवाराला ‘नाक’, म्हणजे नाग, म्हणतात. घरचं नाव सुटलेलं, संघाचं अजून मिळालेलं नाही, अशा मधल्या काळातलं हे सगळ्यांना सारखंच असलेलं नाव आहे.

मग संघापुढे ठराव येतो : अमुक नावाचा हा, अमुक नावाच्या उपाध्यायाचा उमेदवार, उपसंपदा मागतो आहे. ठराव मांडून झाला, की तीनदा घोषणा होते. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, मान्य नसेल त्याने बोलावं. कुणी बोललं नाही, म्हणजे मान्य. त्या सभेत प्रत्येक वेळी दोन नावं उच्चारली जातात, येणाऱ्याचं आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्याचं. बापाचं नाव त्यात नाही, कुळ नाही, जात नाही.

नवं नाव देण्याचा नियम मात्र मूळ विनयात नाही, हे लक्षात घ्या. बुद्धाच्या हयातीत आलेले बहुतेक जण आपापल्या नावानेच राहिले. आनंद आनंदच राहिला, उपाली न्हावी उपालीच राहिला. पाली नाव द्यायची रीत पुढे रुळली, आणि ती देशोदेशी वेगळी आहे. श्रीलंकेत गावाचं नाव आधी आणि पाली नाव नंतर येतं. वलपोल गावचे राहुल ते वलपोल राहुल. हिक्कडुवे सुमंगल हे असंच दुसरं नाव. हे सुमंगल महास्थविर कोलंबोच्या विद्योदय परिवेणाचे प्रमुख होते. आपले धर्मानंद कोसंबी पाली शिकायला गेले ते त्यांच्याकडेच. थायलंडमध्ये उपाध्याय पाली नाव देतो आणि ते घरच्या नावाच्या मागे लागतं. ब्रह्मदेशात जन्मवारावरून आद्याक्षर ठरवतात. गुरुवारी जन्मलेल्याचं नाव प, फ, ब, भ, म यांपैकी एका अक्षराने सुरू होतं. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव काढतात, तसाच काहीसा प्रकार. तिबेटी परंपरेत दीक्षा देणाऱ्याच्या नावाचा एक भाग शिष्याला मिळतो. दलाई लामांकडून दीक्षा घेतलेल्यांच्या नावात ‘तेन्झिन’ असतं, कर्मापांकडून घेतलेल्यांच्या नावात ‘कर्मा’.

समुद्र आणि नद्या

या सगळ्यामागचा विचार कोणता? बुद्धाची एक उपमा आहे. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या मोठ्या नद्या समुद्राला मिळाल्या, की आपलं आधीचं नाव-गोत्र टाकतात आणि त्यांना समुद्र एवढंच म्हटलं जातं. तसंच क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र घर सोडून आले, की त्यांचं नाव-गोत्र सुटतं आणि ते शाक्यपुत्रीय श्रमण एवढेच उरतात.

चीनमध्ये चौथ्या शतकात दाओआन नावाच्या भिक्षूने ही उपमा अक्षरशः अमलात आणली. तोपर्यंत तिथले भिक्षू आपल्या गुरूच्या देशावरून आडनाव लावत. दाओआन म्हणाला, सगळ्यांचं आडनाव एकच, ‘शी’, म्हणजे शाक्य. चिनी भिक्षू आणि भिक्षुणी आजही तेच आडनाव लावतात. व्हिएतनाममध्ये त्याचं ‘थिक’ झालं. पण तिथे भिक्षुणीच्या नावात बहुधा ‘थिक नू’ येतं. ‘नू’ म्हणजे बाई. पुरुष नुसता शाक्य, बाई मात्र बाई-शाक्य! एका अक्षराने समुद्रात पुन्हा बांध घातला.

बांध जातीचाही पडला. श्रीलंकेत १७५३ साली सयामहून भिक्खू बोलावून उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली, तो सयाम निकाय. पुढे त्याची उपसंपदा गोविगाम या वरच्या जातीपुरतीच ठेवली गेली. तेव्हा इतर जातींचे लोक ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेऊन आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरपुर निकाय उभा राहिला. नाव पाली झालं म्हणून जात गेली असं होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. राहुल सांकृत्यायन यांचंच पाहा. जन्मनाव केदारनाथ पांडे, १९३० साली लंकेत दीक्षा घेताना ते राहुल झाले. पण सांकृत्य हे गोत्र ‘सांकृत्यायन’च्या रूपाने सोबत आलंच.

तरीही उपमेची ताकद कमी होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी जी दीक्षा घेतली आणि दिली, ती उपासकांची दीक्षा होती, भिक्खूंची नव्हे. पण त्यानंतर वस्त्यावस्त्यांमधली नावं बदलली. ज्यांच्या आजोबांना धोंड्या, कचऱ्या, दगड्या म्हणून हाक मारली जाई, त्या घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा जन्माला आल्या. ही नावं कुणा उपाध्यायाने दिली नव्हती, आईबापांनी ठरवून ठेवली होती. मराठवाड्यात एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लोक लढले, घरं जळाली, माणसं मेली. नावात काय आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी कुणी सहज विचारू नये.

बाईला चोवीस प्रश्न

आता आपल्या मुद्द्याकडे येते. पुरुषाला उपसंपदेच्या वेळी विचारायच्या अडथळ्यांच्या बाबी तेरा आहेत, बाईला चोवीस. जास्तीचे अकरा प्रश्न तिच्या शरीराबद्दलचे, तिच्या पाळीबद्दलचे, तिच्या अवयवांबद्दलचे आहेत. आणि परवानगीच्या प्रश्नात एक शब्द वाढतो. पुरुषाला विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का? बाईला विचारतात, आईवडिलांची, नवऱ्याची परवानगी आहे का? सिद्धार्थ गौतम स्वतः बायकोला न विचारता घराबाहेर पडला असं परंपराच सांगते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाय आठ गुरुधर्म आहेतच. त्यांतला पहिलाच असा, की शंभर वर्षांच्या भिक्खुणीने त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूला वंदन करायचं.

पण विनयपिटकातच पुढची हकीगत आहे. हे प्रश्न भिक्खू विचारू लागले तेव्हा बायका लाजल्या, गोंधळल्या, त्यांना उत्तर देता येईना. मग नियम झाला, की आधी भिक्खुणी संघाने विचारायचं, बायकांनी बायकांना. त्यानंतर भिक्खू संघापुढे जायचं. बायकांच्या गप्प राहण्याने एक नियम बदलला.

आणि त्या बायकांच्या सभेत ठराव येतो तो असा : अमुक नावाची ही, अमुक नावाच्या आर्येची उमेदवार, उपसंपदा मागते आहे. जबाबदारी घेणारी भिक्खुणी असते, तिला पवत्तिनी म्हणतात. थांबा आणि या वाक्याकडे नीट बघा. बाईच्या नावाला जोडून दुसरं नाव येतं ते बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, मुलाचंही नाही. ते दुसऱ्या बाईचं आहे. एक बाई म्हणते, मी हिची. आणि दुसरी म्हणते, हिची जबाबदारी माझी. इतक्या जुन्या काळातल्या संस्थेत बाईची ओळख अशी सांगता येत होती, यासाठी तरी हा विधी आपण अभ्यासला पाहिजे.

थेरीगाथेतली नावं

ज्या बायका आल्या त्यांची नावं थेरीगाथेत आहेत. त्रेहत्तर गाथा-समूह, सगळे बायकांच्या नावावर. त्यातली नावं वाचताना समाज दिसतो. पुण्णा ही पाणी भरणारी दासी. अंबपाली वैशालीची गणिका. अड्ढकासी ही काशीची गणिका, तिच्या नावाचा अर्थ ‘अर्धी काशी’. काशीच्या उत्पन्नाशी तिची किंमत मोजली जाई, त्यावरून पडलेलं हे नाव. ती उपसंपदेला निघाली तेव्हा वाटेत गुंड टपून बसले होते. ती जाऊ शकली नाही, म्हणून दूतामार्फत उपसंपदेची मुभा तिच्यासाठी निघाली. थेरी झाल्यावरही तिचं नाव बदललं नाही. बाजाराने लावलेल्या किमतीचं नाव तिने ज्ञानी स्त्रीचं नाव करून ठेवलं.

दुसरी बाजूही आहे. सुमंगलमाता ही उखळ-मुसळातून आणि वाईट नवऱ्याच्या जाचातून सुटल्याचा आनंद सांगणारी थेरी. गाथा तिची, अनुभव तिचा, पण आपल्यापर्यंत आलेली ओळख ‘सुमंगलची आई’ एवढीच. आणखी काही गाथांवर तर ‘कोणी एक थेरी’ असंच लिहिलेलं आहे. मुक्तीचा अनुभव जपला, पण नाव विसरलं. हे आपल्या चळवळींच्या इतिहासातही होतं. सभेच्या अहवालात पुरुष वक्त्यांची नावं असतात, आणि शेवटी ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’.

नाव आहे, मान्यता नाही

श्रीलंकेतला भिक्खुणी संघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. त्यानंतर घर सोडणाऱ्या बायकांचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथरीन डी आल्विस ही लंकेची बाई ब्रह्मदेशातून दीक्षा घेऊन सुधर्माचारी हे नाव घेऊन परतली, आणि तिच्यामागे ‘दस सिल माता’ ही परंपरा उभी राहिली. दहा शीलं पाळायची, डोकं भादरायचं, चीवर घालायचं, पाली नाव घ्यायचं. पण संघाच्या लेखी ती बाई उपासिकाच. थायलंडमधल्या ‘मे ची’ पांढरी वस्त्रं घालतात आणि बहुतेक जणी घरच्याच नावाने राहतात. तिथे १९२८ साली संघराजांनी आदेश काढला, की कोणत्याही भिक्खूने बाईला दीक्षा देऊ नये. थम्मसात विद्यापीठातल्या प्राध्यापक छत्सुमर्न कबिलसिंग यांना २००१ साली सामणेरी होण्यासाठी श्रीलंकेत जावं लागलं. २००३ मध्ये त्यांची उपसंपदा झाली. आज त्या धम्मानंदा भिक्खुणी आहेत, पण त्यांच्या देशातल्या संघाची भिक्खुणींना अधिकृत मान्यता नाही.

तिबेटी परंपरेतही बायकांसाठी पूर्ण उपसंपदा नव्हती. आपल्या स्वातंत्र्यलढ्यात १९४१ साली तुरुंगात गेलेल्या फ्रीडा बेदी कर्मापांच्या शिष्या होऊन कर्मा खेचोग पाल्मो झाल्या. पण पूर्ण उपसंपदेसाठी त्यांना १९७२ मध्ये हाँगकाँगला, चिनी परंपरेकडे जावं लागलं. जून २०२२ मध्ये भूतानच्या जे खेन्पोंनी १४४ भिक्षुणींना उपसंपदा दिली, तेव्हा कुठे ते दार उघडलं.

श्रीलंकेतलं दार आधी आपल्याच देशात उघडलं. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथला कोरियन संघाच्या मदतीने दहा लंकन बायकांची उपसंपदा झाली. कुसुमा या विदुषी त्यांच्यात होत्या. १९९८ साली बोधगयेला आणि मग लंकेत दंबुल्लाला आणखी बायका भिक्खुणी झाल्या. पूर्व आशियाची मदत घेण्यात एक न्यायही होता, कारण पाचव्या शतकात लंकेच्याच भिक्खुणी समुद्र ओलांडून चीनला गेल्या होत्या आणि तिथल्या बायकांना त्यांनी उपसंपदा दिली होती. दिलेलं नाव दीड हजार वर्षांनी परत आलं.

पण सरकार दरबारी? भिक्खूला त्याच्या ओळखपत्रावर संघातलं नाव आणि उपाधी मिळते. बाईला ‘भिक्खुणी’ हा शब्द नाकारला गेला. वेलिमडा धम्मदिन्ना या भिक्खुणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला, की ही उपाधी नाकारणं म्हणजे कायद्यापुढच्या समानतेच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. नाव बघा : वेलिमडा हे गाव आणि धम्मदिन्ना हे पाली नाव. भिक्खूंचं असतं अगदी तसंच. आणि मूळची धम्मदिन्ना कोण? राजगृहाची थेरी. तिचा पूर्वीचा नवरा विशाख तिच्याकडे धम्माचे अवघड प्रश्न घेऊन आला, तिने एकेकाचं उत्तर दिलं, आणि बुद्ध म्हणाला, मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. नवऱ्याला शिकवणाऱ्या बाईचं नाव घेऊन एक बाई न्यायालयात उभी राहिली.

आपल्यासाठी काय?

मैत्रिणींनो, आपल्या सल्ला केंद्रांत रोज काय येतं? शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. सातबाऱ्यावर ‘भ्र.’ किंवा ‘जौजे’ लावून अमक्याची बायको. टाकलेल्या बाईच्या नावात नवरा असतो, घरात नसतो. आणि तीनही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावरच. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. पण ताटातल्या तांदळाला कायद्याहून जास्त वजन आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव लावायचा शासनाचा निर्णय झाला. स्वागत करूया. बुद्धाचा पट्टशिष्य उपतिस्स हा आईच्या, म्हणजे सारीच्या नावावरून सारिपुत्त म्हणून अडीच हजार वर्षं ओळखला जातो. आईच्या नावाने कुणाचं काही अडलं नाही. पण त्याच निर्णयात विवाहित बाईसाठी तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनीच पद्धत चालू ठेवली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई आली, पण आईच्या नावात तिची आई नाही.

आपण सगळ्यांनी संघात जावं असं काही मी सांगत नाही. त्या विधीतल्या तीन गोष्टी मात्र आपल्या वापरायच्या आहेत. पहिली, नाव बदलायचं तर आधी बाईने मागावं लागतं, एकदा नव्हे तीनदा. दुसरी, भर सभेत तिलाच विचारतात आणि उत्तर तिच्याच तोंडून येतं. तिसरी, तिच्या नावामागे दुसरी बाई उभी असते. लग्न ठरताना, नोंदणी करताना, दाखले काढताना या तीन गोष्टी झाल्या का, हे आपण विचारायला लागू. ज्या मुलीला नाव बदलायचंय तिने जरूर बदलावं, पण कुणीतरी तिला विचारलेलं असावं.

आणि त्या विधीतली एक गोष्ट आपण घ्यायची नाही. गप्प राहणं म्हणजे मान्य, हा नियम सभेतल्या ठरावापुरता ठीक आहे. आपल्या नावाच्या बाबतीत आपलं गप्प राहणं आजवर संमती म्हणून मोजलं गेलं, ते यापुढे मोजू द्यायचं नाही.

आता गटागटांत बसू. सुरुवात प्रत्येकीने आपलं पूर्ण नाव सांगून करायची. कोणतं, ते तुम्ही ठरवा.